जुनं केलेलं खोगीर

वहिनीचा फोन आला तेव्हा मी मस्कतमध्ये अल् खुवैरला ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो, स्टिअरिंगला हात लावता येईल इतकी गाडी गार व्हायची वाट बघत. मे महिना होता.

“भाऊजी, ह्यांनी नवे बांबू तोडून आणलेत,” ती म्हणाली.

“कशाला?”

“कशाला म्हणजे? मचाणाला.”



दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. साठी उलटलेली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी डोंगराच्या पायथ्याला आमची भातशेती आहे. ती तो एकटा करतो. मी इथून फक्त मतं पुरवतो. भात तयार व्हायला लागलं की डोंगरातून रानडुकरं उतरतात आणि खातात त्याच्या चौपट तुडवतात. दादाकडे पीकसंरक्षणाचा बंदुकीचा परवाना आहे, वनखात्याचा कागद आहे आणि शेताच्या कडेला एक जुना ऐन आहे. त्या ऐनाच्या बेचक्यात बांबूंचं मचाण बांधून तो संध्याकाळपासून शिकारीला बसतो. डुक्कर क्वचितच पडतं. मारण्यापेक्षा बसण्यावरच त्यांचा भर, असं वहिनी म्हणते, आणि तिच्याइतक्या जवळून हा विषय कोणी अभ्यासलेला नाही.

गेल्या हंगामात उतरताना शिडीची पायरी पायाखाली फिरली आणि दादा बांधावर आपटला. खांद्याजवळचं हाड मोडलं. वीतभर अलीकडे पडला असता तर मानच गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. दादाच्या मते तो पडलाच नव्हता. “उतरताना जरा घाई झाली,” असं तो सगळ्यांना सांगत होता, हात गळ्यात बांधून.

“बसू नका म्हणून सांगितलं,” वहिनी म्हणाली. “तर म्हणतात, मग डुकरांना तू समजाव. भाऊजी, तुम्ही तिकडे एवढ्या मोठ्या इमारती बांधता. तिथे माणसं कमरेला पट्टे बांधून लटकतात ना? तसलं काहीतरी आणा गणपतीला येताना. ते परत पडले तर मी काय करू, एवढं फक्त सांगा.”

इमारतींच्या बाबतीत तिचा थोडा गैरसमज होता. मी टेंडरची कागदपत्रं वाचतो. आयुष्यात एक वीट मी रचलेली नाही. पण तिचं ते शेवटचं वाक्य गाडी गार झाली तरी गार होईना. घरी पोचेपर्यंत मी ठरवलं होतं की दादाला झाडावरून उतरवता येणार नाही, तर त्याला झाडाला बांधून टाकू.

इंटरनेटवर शोधल्यावर कळलं की या प्रश्नावर आधीच जग कामाला लागलेलं आहे. झाडावर बसून शिकार करणाऱ्या परदेशी लोकांनी मचाण सोडून देऊन ‘ट्री सॅडल’ नावाची वस्तू स्वीकारली आहे. सॅडल म्हणजे खोगीर. फक्त इथे घोड्याच्या जागी झाड. रुंद पट्ट्यांची एक झोळी, ती कमरेखाली बांधायची. मांड्यांभोवती दोन पट्टे. पुढून निघालेला दोरीचा कमानीसारखा तुकडा, तो खोडाभोवती डोक्याच्या उंचीवर आवळलेल्या दुसऱ्या दोरीत अडकवायचा, आणि मागे रेलून बसायचं. चढता-उतरताना आणखी एक दोरी खोडाला वळसा घालून कमरेशी बांधलेली असते. म्हणजे पाय जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंत माणूस एका क्षणासाठीही झाडापासून सुटा नसतो. हे वाचून मला एकदम हलकं वाटलं. मग मी व्हिडिओ बघायला लागलो आणि ते हलकेपण गेलं.

व्हिडिओत दाढीवाले गृहस्थ असतात. ते फार गंभीरपणे बोलतात. एकपदरी खोगीर बरं की दुपदरी, या प्रश्नावर एकाने जितका वेळ घेतला तितका वेळ आमच्या ऑफिसात पुलाच्या पायावरही कोणी घेत नाही. एकपदरी म्हणजे सगळं वजन एका पट्ट्यावर, बांधायला सोपं. दुपदरीत दोन पट्टे असतात, वरचा कमरेला, खालचा मांडीखाली, हवे तसे सरकवता येतात. जास्त वेळ बसायला बरं, पण अंधारात कुठला पट्टा कुठला हे कळायला डोकं शांत लागतं. शिवाय खोडाला बांधायच्या पायऱ्या, पाय टेकवायचा ॲल्युमिनियमचा पाट, गुडघ्यांच्या गाद्या, मागे बंदुकीला हूक, कमरेला पाण्याच्या बाटलीचा खिसा. सगळं अंगावर चढवलेला तो गृहस्थ लग्नातल्या घोड्यासारखा दिसत होता.

“दादा हे सगळं घालणार?” बायकोने माझ्या खांद्यावरून बघत विचारलं.

“सगळं नाही गं. निवडायचंय.”

“मग अक्कल असलेल्या कोणाला तरी विचारा.”

मस्कतच्या आमच्या मराठी वर्तुळात एक सुरक्षा अधिकारी आहेत. एका कंत्राटदार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. राहायला मदिनत सुलतान काबूसला. कार्यक्रम कुठलाही असो, सुरुवातीला ते माईक घेऊन संकटकाळी बाहेर पडायचे मार्ग दाखवतात. एका कोजागरीला समुद्रकिनाऱ्यावरही दाखवले होते. एका बाजूला समुद्र, बाकी तिन्ही बाजूंना ओमान. त्यानंतर मी त्यांच्या भाषणांना दुधाच्या पातेल्याजवळ उभा राहायला लागलो. पण आता गरज मला होती.

त्यांनी मला दिवाणखान्यात बसवलं आणि टीव्हीवर स्लाइड लावली. खरोखर लावली.

“हार्नेस म्हणजे काय?” त्यांनी विचारलं. समोर मी एकटाच होतो, तरी हात वर करायची इच्छा झाली. “हार्नेस म्हणजे पट्टा नव्हे. हार्नेस म्हणजे शिस्त.”

मी मान डोलावली.

“तुमचे बंधू पडतील आणि अडकतील. उत्तम. पुढे?”

“पुढे काय? वाचले.”

“चूक. लटकून राहिलेल्या माणसाचं रक्त पायात उतरतं. फार वेळ लटकला तर न पडताही दगावतो. खाली कोण उतरवणार? त्यांना स्वतःला परत शिडीवर पाय ठेवता आला पाहिजे. दोरीची एक रिकीब हवी, कमरेला लोंबणारी. पाय घातला, उभं राहिलं, शिडी पकडली.”

खोगीर म्हटल्यावर रिकीब आलीच, पण माझ्या लक्षात ती आली नसती. दाढीवाल्यांपैकी एकानेही मला ती इतकी स्पष्ट सांगितली नव्हती. मी नाइलाजाने त्यांच्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं. दादाकडे शिडी होती, मचाण होतं. म्हणजे पायऱ्या नकोत, पाट नको. खोगीर, दोन दोऱ्या, रिकीब. एवढंच. एकपदरी, कारण दादाला पट्टे सरकवत बसायची सवय नाही आणि लागणारही नाही.

“माप?” साहेबांनी विचारलं.

ते मी वहिनीकडून मागवलं. तिने दादाच्या धुवायला टाकलेल्या पँटची कंबर मोजून सांगितली, आणि त्याच फोनवर सगळ्यावर पाणी ओतलं.

“भाऊजी, आणा तुम्ही. पण एक सांगू? ते कपाटात जाईल.”

मी तोंडाने “नाही गं” म्हणालो; आतून मला माहीत होतं की जाईल.

आमच्या माजघरात एक लोखंडी कपाट आहे. मी ओमानला आल्यापासून जे जे म्हणून गावी नेलं ते त्यात आहे. दुलई तिच्या चेनवाल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकदाच बाहेर आली, दादाच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा, आणि रात्री परत आत गेली. थर्मास आहे, त्याच्या झाकणावरचं कागदी लेबल अजून चकचकीत आहे. दादाला मुद्दाम शिकारीसाठी नेलेली टॉर्च आहे, डोंगरापर्यंत उजेड टाकणारी. दादा ती कोणी आलं की काढतो, भिंतीवर उजेड पाडून दाखवतो, पुसतो आणि खोक्यात ठेवतो. मचाणावर जाताना त्याच्याबरोबर असते ती बाजारातली जुनी टॉर्च, रबर बँड लावलेली, जी पेटावी म्हणून मांडीवर आपटावी लागते. चांगली वस्तू आहे, चिखलात कशाला न्यायची? हा एकट्या दादाचा स्वभाव नाही. आमच्या वाडीत आखाती देशांतून आलेल्या वस्तूंनी भरलेलं एक कपाट घरटी आहे, आणि माणसं आपापली फाटकी घोंगडी पांघरून त्याची राखण करतात.

याउलट माझे जुने शर्ट, जुने बूट, पट्टा तुटलेलं घड्याळ दादा आनंदाने वापरतो. “टाकणार असशील तर दे,” म्हणतो. टाकायच्या वस्तूला तो कसलाच मान देत नाही, त्यामुळे ती त्याच्या उपयोगी पडते.

मी हे सगळं बायकोला सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने मान वरही केली नाही.

“मग जुनं करून न्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे नवं दिसायला नको. सोप्पंय. डाग पाडा, मळवा, कोणाचं तरी टाकलेलं म्हणून द्या. नवी साडी मी वन्संना अशीच देते, दोनदा धुऊन.”

हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन त्या दिवशी कळलं.

त्यामुळे खोगीर निवडायचे निकष एकदम उलटे झाले. दाढीवाल्यांनी डोक्यावर घेतलेलं, झाडाच्या पानांची नक्षी असलेलं, चकाकत्या बकलांचं खोगीर बाद. इथे लष्करी दिसणाऱ्या कपड्यांना मनाई आहे, त्यामुळे तसंही ते मागवायला जीव धजला नसता. मला मजबुती हवी होती आणि दिसायला दरिद्री हवं होतं. बरंच शोधल्यावर एक सापडलं. रंग ओल्या मातीचा, बकलं काळी, खिसे नाहीत. त्याखाली एका गिऱ्हाइकाने तक्रार केली होती की वस्तू पक्की आहे पण दिसायला पोत्यासारखी आहे. मी ताबडतोब मागवलं.

पार्सल आलं. पोत्यासारखं अजिबात नव्हतं. कडक, कोरं, दुकानाच्या वासाचं. दादाने बघितलं असतं तर थेट दुलईच्या शेजारी ठेवलं असतं.

ते घेऊन मी परत साहेबांकडे गेलो आणि माझा बेत सांगितला. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी कोजागरीच्या दुधात वाळू घालायला निघालो होतो.

“सेफ्टी इक्विपमेंटला डाग? मुद्दाम?”

“वापरलं नाही तर तो पडेल, साहेब. कपाटातलं खोगीर त्याला कसं धरणार?”

त्यांनी खोगिराचा एक पट्टा बोटांत धरून उलटसुलट बघितला. टीव्ही बंद होता. मग म्हणाले, “मी साइटवर एकच माणूस पडताना बघितलाय. फार वर्षांपूर्वी. त्याचा हार्नेस स्टोअरमध्ये होता. नवा माल आहे, खराब होईल म्हणून स्टोअरवाल्याने दिला नव्हता.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “तेव्हापासून भाषणं करतो. लोक हसतात, मला माहीत आहे.”

मी दुधाच्या पातेल्याजवळ उभा राहतो हेही त्यांना माहीत असावं.

चष्मा परत लावल्यावर ते पूर्ववत अधिकारी झाले. “ऊन नको. उन्हाने धागा कुजतो. ॲसिड नको, ब्लीच नको, तेल नको, घासायचं तर मुळीच नाही. काय लावणार?”

“चहा.”

“दूध घातलेला की कोरा?”

त्यांनी हे ज्या गांभीर्याने विचारलं त्याबद्दल मी त्यांचे पुढचे मागचे सगळे मार्गदर्शनपर कार्यक्रम माफ केले. शेवटी असं ठरलं की कोरा, गार, बिनसाखरेचा. आणि तोही फक्त खोगिराच्या बाहेरच्या कापडाला; दोऱ्यांना, शिवणीला आणि बकलांना काही लावायचं नाही. दोऱ्या वापरून मळतील तेवढ्या मळू देत.

बायकोने पातेलंभर चहा उकळला. खोगिराचं कापड न्हाणीघरात टबाच्या कडेवर पसरून मी स्पंजने टिपत बसलो. आमच्या इमारतीत इतका हळुवारपणे कोणी काही घाण केलं नसेल.

मळवण्यासाठी आणि मुख्य म्हणजे वापरून बघण्यासाठी मस्कतजवळच्या बरक्याला गेलो. तिथे माझा एक मित्र एका ओमानी मालकाची बागायत सांभाळतो. रायगडच्या किनाऱ्यावरचा मुसलमान, वडिलांच्या नारळीच्या बागेत वाढलेला. खजुरावर चढून उतरेपर्यंत त्याची विडी विझत नाही. बागेच्या कुंपणाशी एक थोराड गाफ होता. गाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला पूजतो तीच. इथे तिला पूजेची गरज नाही, ती पाण्याशिवायही जगते. शुक्रवारी सकाळी ऊन चढायच्या आत आम्ही त्याच्याखाली उभे राहिलो.

“अरे मर्दा, हे लंगोट आहे की पाळणा?” मित्राने खोगीर उचलून विचारलं.

“दोन्ही. धर.”

साहेबांनी बजावल्याप्रमाणे आधी जमिनीपासून हातभर उंचीवर प्रयोग. शिडीच्या खालच्या पायरीवर उभा राहिलो, खोडाभोवती दोरी आवळली, कमान अडकवली. आता फक्त मागे रेलायचं होतं. ते मला जमेना. पडलो असतो तर उभाच राहिलो असतो इतकंच ते उंच होतं, पण पाठीमागे काही नसताना वजन सोडून द्यायला शरीर तयारच होईना. मित्र विडी ओढत बघत होता.

“सोड की! भावाला लटकवायचं म्हणतोस नि स्वतः झाडाला मिठी मारून उभा?”

सोडलं. दोरी करकरली, ताठ झाली, आणि मी हवेत बसलेला होतो. गुडघे खोडाला टेकलेले, हात मोकळे. खांदे आपोआप खाली आले. मला वाटतं त्या फोननंतर पहिल्यांदाच आले असतील. मग आम्ही उंची वाढवली. मुद्दाम पायरीवरून पाय काढले, लटकलो, रिकीब चाचपून तिच्यात पाय घातला, उभा राहिलो, शिडी पकडली. पुन्हा. पुन्हा. डोळे मिटून. दादाची उंची माझ्यापेक्षा कमी, म्हणून रिकिबीची दोरी आखूड केली.

असाच लटकलेला असताना बागेचा मालक, ज्याला मित्र अर्बाब म्हणतो, गाडीतून उतरला. अंगात पांढरा स्वच्छ पायघोळ डिशडाशा. त्याने बराच वेळ मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग मित्राला हिंदीत विचारलं, “ये आदमी कौन है?”

“दोस्त है, अर्बाब. ऑफिस में काम करता है.”

“ऑफिस में बहुत टेंशन है क्या?”

मी वरूनच सलाम केला आणि भावाची हकीकत सांगितली. त्याने ऐकली, जवळ येऊन दोरी ओढून बघितली आणि म्हणाला की त्याचे वडील खजुरावर कमरेला दोराचा पट्टा बांधून चढायचे, आणि त्याची आई तो पट्टा रोज सकाळी स्वतः ओढून बघितल्याशिवाय त्यांना घराबाहेर सोडत नसे. मग त्याने आमच्यासाठी कॉफी आणि खजूर मागवले. मला खाली उतरायला लावलं नाही. खजूर वर दिले. चिकट हात मी खोगिराला पुसले. त्याने डाग फार सुंदर पडला.

त्या उन्हाळ्यात मी बऱ्याच शुक्रवारी त्या गाफावर बसलो. शेवटी शेवटी तर काम संपलेलं असूनही बसायचो.

गणपतीला गावी गेलो तेव्हा खोगीर एका फाटक्या पिशवीत कोंबून नेलं. मुद्दाम सगळ्या सामानाच्या शेवटी काढलं आणि पडवीत जमिनीवर टाकलं.

“हे काय?” दादा म्हणाला.

“काही नाही. बरक्याचा एक मित्र टाकत होता. झाडावर बसायचं आहे. म्हटलं बघ तुला चालतंय का, नाहीतर गोठ्यात दोऱ्यांचा उपयोग होईल.”

दादाने ते उचललं, उलटसुलट केलं, पट्टे ताणून बघितले. वहिनी दारात उभी राहून माझ्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती.

“टाकत होता?” दादा म्हणाला. “मूर्ख आहे तुझा मित्र. याला काय धाड भरलीय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ऐनाखाली होतो. मी हातभर उंचीवरूनच शिकवायला सुरुवात केली. दादा रेलायला क्षणभरही कचरला नाही, याचा मला थोडा राग आला. रिकिबीचं मात्र मी त्याच्याकडून डोळे मिटून पुन्हापुन्हा करवून घेतलं. “मेल्या, शाळामास्तर झालास काय?” तो म्हणाला, पण केलं. तोवर वहिनी चहा घेऊन शेतावर आली होती. मी तिला अर्बाबच्या आईची गोष्ट सांगितली. पुढे होऊन तिने दादाच्या कमरेची दोरी दोन्ही हातांनी जोरात ओढली. दादा पुढे झुकला. “अगं ए!” “बघू नको?” ती म्हणाली.

मी मस्कतला परतलो. भात पिकायला लागलं. संध्याकाळी ऑफिसातून बाहेर पडलो की गावाकडचा अंधार कितपत पडला असेल, ही एक गोष्ट डोक्यात यायचीच.

आणि एका संध्याकाळी फोन वाजला. वहिनीचं नाव बघून मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली.

“भाऊजी, घाबरू नका,” ती म्हणाली. हे वाक्य कोणाला धीर देण्यासाठी शोधलं गेलं असेल तर शोधणाऱ्याने ते कधी ऐकलेलं नसणार. “घसरले. चढताना. पायरीला दव होतं की काय देव जाणे. मी टॉर्च घेऊन खालीच होते. घसरले नि... थांबले. तिथेच. वर.”

“लागलंय?”

“ढोपर सोललंय. लटकल्या लटकल्या मलाच म्हणतात, उजेड नीट धर. मग ती रिकीब चाचपली, पाय घातला, उभे राहिले, शिडी धरली, आले खाली. मी बघत होते. भाऊजी, मी बघत होते ना...” शेजारून अल् खौदकडे जाणाऱ्या गाड्या भराभरा जात होत्या आणि मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसलो होतो, गाडी बंद.

मग दादाने फोन घेतला.

“काय रे?”

“काही नाही. बरा आहेस ना?”

“मला काय झालंय? चढताना जरा घाई झाली.” थोडं थांबून म्हणाला, “एक विचारू? हे खोगीर घामाने भिजलं की चहाचा वास येतो. तुझा तो मित्र झाडावर बसून चहा ढोसायचा काय?”

मी उगाच बंद गाडीचा इंडिकेटर लावला.

“मेल्या, नवं होतं ना हे?”

“होय.”

आता संपलं, असं मला वाटलं. खोगीर स्वच्छ धुतलं जाणार, घडी होणार, दुलईच्या शेजारी जाणार. पलीकडे दादाने पट्टा ओढून बघितल्याचा आवाज आला.

“आता काय उपयोग सांगून,” तो शेवटी म्हणाला. “वापरून झालं. माझं सगळं वजन घेतलंय त्याने. आता कुठे ठेवायच्या लायकीचं राहिलंय ते.”

इतका आनंद मला माझ्या एखाद्या वस्तूची किंमत कमी झाल्याचा कधी झाला नव्हता.

घरी जाऊन बायकोला सांगितलं; ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, “हुश्श.” साहेबांना फोन केला. त्यांनी आधी “देवाची कृपा” म्हटलं आणि लगेच बजावलं की ज्या दोरीने झटका घेतला ती पुन्हा वापरायची नाही, नवी पाठवा, तोपर्यंत बंधूंनी झाडावर चढायचं नाही. यंदाच्या कोजागरीला त्यांनी माईक घेतला तेव्हा मी पहिल्या रांगेत होतो. समुद्र त्याच बाजूला होता.

नवी दोरी गावी जाणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर पाठवली, खोक्यातून काढून, बागेतल्या धुळीत जरा फिरवून. सवय जात नाही. ती पोचल्याचं कळवायला वहिनीने फोन केला.

“खोगीर कुठाय?” मी विचारलं.

“मागच्या पडवीत. खुंटीला. कोयत्याच्या शेजारी टांगलंय.”

“कपाटात नाही?”

“छे हो. कपाटात कसलं? त्याला माती लागलेली असते.”

“आणि टॉर्च? परवा तू खाली घेऊन उभी होतीस ती? नवी ना?”

“नाही हो भाऊजी,” वहिनी जराशी दुखावलीच. “ती कशी काढू? ती आहे कपाटात, व्यवस्थित.”